मुठीतला गंज

स्नेहलता गेल्याचं मला कळलं तेव्हा मी लेथवर होतो. फेब्रुवारीतला गुरुवार, दुपारचे पावणेतीन. सुपरवायझरने लांबूनच हात करून मशीन बंद करायला सांगितलं. त्याच्यामागे एक पोलीस बाई उभी होती. तिने टोपी काढून हातात धरली होती. पापाटोएटो स्टेशनच्या बाकावर बसल्या बसल्या झालं, असं ती म्हणाली. स्नेहलता घरी यायच्या गाडीची वाट बघत होती. पिशवीत मेथीच्या दोन जुड्या होत्या आणि पावशेर शेंगदाणे. पोलीस बाईने माझा हात धरायला हात पुढे केला. मी म्हणालो, "थांबा, हाताला ऑईल आहे." मग चिंधीने बराच वेळ हात पुसत राहिलो.

मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पुढचं सगळं इरावतीने निभावलं. इरावती आमची मुलगी, सव्वीस वर्षांची. ती नऊ वर्षांची असताना आम्ही पुण्याहून इथे न्यूझीलंडला, ऑकलंडजवळच्या पापाकुराला आलो. तिला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र निम्मं.

पण मला लिहायचं आहे ते तलवारीबद्दल.

स्नेहलता म्हाताऱ्या लोकांच्या घरी जाऊन त्यांचं करायची. अंघोळ, औषधं, थोडा स्वयंपाक. जवळच्या मनुरेवा उपनगरात केन नावाचा एकटा गृहस्थ होता, त्याच्याकडे ती चार वर्षं गेली. त्याच्या वडिलांना १९४६ साली न्यूझीलंडच्या फौजेबरोबर जपानला पाठवलं होतं. तिथे हरलेल्या सैन्याची हत्यारं जमा करून घेतली होती. त्यातली एक तलवार ते घरी घेऊन आले. केनचं त्याच्या मुलाशी पटत नव्हतं. हा मुलगा ती विकून टाकेल, अशी त्याला खात्री होती. नात टेसा हिच्यावर जीव होता, पण ती तिकडे डनीडनला शिकत होती, खोलीत तीन मुली, एक कपाट. म्हणून केनने स्नेहलताला सांगितलं, "लता, ही तू सांभाळ. टेसाचं शिक्षण झालं की तिला दे."

गिऱ्हाइकाकडून भेट घ्यायची नाही, असा तिच्या ऑफिसचा नियम. तिने ऑफिसला कळवलं, केनकडून कागदावर लिहून घेतलं की ही भेट नाही, ठेव आहे, आणि मगच तलवार आमच्या घरी आली. जुलै २०२३. तीन आठवड्यांनी केन गेला.

ऑक्टोबरमध्ये खंडेनवमी आली. त्या वर्षी ती बरोबर इथल्या, ऑक्टोबरातल्या लेबर डेच्या सुट्टीला आली होती, म्हणून मी घरी होतो.

मी भोसरीला सतरा वर्षं टूलरूममध्ये काढली. तिथे खंडेनवमीला मशीन धुऊन पुसून हार घालायचे. आमचे फोरमन काशिनाथ शिंदे पूजेआधी खिशातला पांढरा रुमाल काढून प्रत्येक मशीनवर फिरवायचे. रुमालाला तांबूस डाग लागला की त्या माणसाला सगळ्यांसमोर विचारायचे, "काय रे, देवाला गंज दाखवतोस?" एकदा मलाही विचारलं. ते मी विसरलो नाही. पापाकुरात आल्यावरही खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर माझा मायक्रोमीटर, व्हर्नियर, दोन फायली म्हणजे कानशी, तिची विळी आणि शिलाई मशीन असायचं. झेंडू इथे त्या दिवसांत मिळत नाही. ती दुकानातून पिवळी शेवंती आणायची.

त्या वर्षी पाटावर तलवारही ठेवायची होती. मी ती गॅरेजमध्ये नेली. मुठीला आडवी बांबूची एक खुंटी असते, ती ठोकून काढली की मूठ सुटते. पातं ठीक होतं. मुठीत लपलेला भाग मात्र काळपट तपकिरी होता, गंजलेला. त्यावर जपानी अक्षरं कोरलेली.

मी वायर ब्रश काढला. तेवढ्यात स्नेहलता दारात आली.

"अहो, हे काय करताय?"

"गंज काढतोय. असं पूजेला ठेवणार का?"

"मूठ लावली की दिसतंय कुणाला?"

"मला माहीत आहे ना."

"दुसऱ्याची वस्तू आहे ती. टेसाला विचारते, मग करा."

"विचारायचं काय त्यात? गंज काढला म्हणून कुणी भांडतं का?"

"तुमचं आपलं सुरू. थांबा जरा, आहे तसा फोटो तरी काढू दे." तिने फोन जवळ धरून दोन फोटो काढले, एक या बाजूचा, एक त्या बाजूचा. "मी फुलं घेऊन येते. तोवर हात लावू नका. तुम्हाला सांगतेय मी."

ती पाऊण तासाने आली. तोवर माझं झालं होतं. आधी वायर ब्रश, मग एमरी पेपर. वरच्या बाजूला, पातं सुरू होतं तिथे, एक छोटीशी खूण उठलेली होती, मुगाच्या दाण्याएवढी. मला वाटलं कुठेतरी आपटून लागलेलं आहे. बारीक फाईल घेऊन मी तो भाग सपाट केला. नखाला लागेनासा झाला तेव्हा थांबलो. मला बरं वाटलं, हे खरं सांगतो. काशिनाथ शिंद्यांचा रुमाल फिरवला असता तर पांढरा निघाला असता.

स्नेहलताने बघितलं. बोटाने चाचपून पाहिलं. "चकाचक केलंत," एवढंच म्हणाली. पूजा झाली, हळदकुंकू झालं, जेवणं झाली. त्या संध्याकाळी ती फार बोलली नाही. दमली असेल, असं मला वाटलं.

त्यानंतर आमच्यात त्या तलवारीचा विषय निघाला नाही. कपाटात वरच्या खणात होती.

ती गेल्यावर चार महिन्यांनी, जूनमध्ये, टेसाचा फोन आला. सुट्टीत ती ऑकलंडला येणार होती. तलवार नेमकी काय आहे हे एकदा जाणकाराला दाखवून घ्यावं, असं तिच्या मनात होतं. विकायची नव्हती, पण विमा उतरवायचा तर किंमत लागते. ड्रुरीला वॉरन नावाचा एक माणूस आहे, सत्तरीचा, पूर्वी शाळेत सुतारकाम शिकवायचा. चाळीस वर्षं त्याने जपानी तलवारींचाच अभ्यास केला. आम्ही तिघे त्याच्याकडे गेलो, मी, इरावती आणि टेसा. सगळं बोलणं इंग्रजीत झालं, मी मराठीत लिहितो आहे.

टेसा बावीस वर्षांची, उंच, जुलैच्या थंडीतही पायात जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला. तिने इरावतीला मिठी मारली आणि मला म्हणाली, "लता नसताना हे करावं लागतंय, हे बरं नाही वाटत."

वॉरनने पडदे ओढले आणि एकच दिवा ठेवला. पातं दिव्याखाली धरून तो सावकाश तिरकं करत होता. त्याने मलाही दाखवलं. धारेच्या वर एक पांढरट नागमोडी पट्टा जातो. पोलाद तापवून पाण्यात बुडवलं तर त्या पट्ट्याच्या कडेला बारीक चमकणारे कण दिसतात, धुक्यासारखे. तेलात बुडवलेलं असेल तर पट्टा नुसता काळसर, मेलेला दिसतो. लढाईच्या काळात जपानमध्ये दोन्ही तऱ्हेच्या तलवारी झाल्या. काही लोहारांनी जुन्या पद्धतीने घडवल्या, बाकीच्या कारखान्यात तयार पोलादाच्या झाल्या, हजारोंनी. बाहेरून दोन्ही सारख्याच.

"कण आहेत," तो म्हणाला. "मला वाटतं आहेत. पण पॉलिश म्हातारं झालंय. घेणारा माझं वाटणं विकत घेत नाही. तो मूठ काढून बघतो."

मग त्याने खुंटी ठोकली आणि मूठ काढली. उघडा झालेला भाग त्याने दिव्याजवळ नेला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

"हे कुणी केलं?" त्याने विचारलं.

"काय केलं?" टेसा म्हणाली.

वॉरनने तिला समजावून सांगितलं. पातं कितीही वेळा घासलं तरी चालतं, त्यासाठीच ते असतं. मुठीतला भाग मात्र कुणी कधी घासत नाही. लोहाराने नाव कोरलं, फाईल मारली, तो त्याचा शेवटचा हात. त्यानंतर तिथे बसतो फक्त गंज. ऐंशी वर्षांचा गंज कसा दिसतो, दोनशे वर्षांचा कसा, हे ठरलेलं आहे. खोटा गंज नारिंगी असतो, बोटाला लागतो. खरा लागत नाही. वय तिथे कळतं, नाव खरं की खोटं ते तिथे कळतं. "तो गंज म्हणजे हिचा जन्मदाखला होता," वॉरन म्हणाला.

मी आयुष्यभर लोखंडात काम केलं. गंजलेला तुकडा आला की रिजेक्टच्या पेटीत टाकायचा, एवढंच मला शिकवलेलं. गंज जपायचा असतो असंही एक काम जगात आहे, हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.

तेवढ्यात टेसा म्हणाली, "अच्छा, ते! लताने मला लिहिलं होतं." तिने फोन काढून जुना मेसेज शोधला आणि वाचून दाखवला. खंडेनवमीच्या संध्याकाळचा होता.

"डिअर टेसा, आमच्या सणाला आम्ही हत्यारांची पूजा करतो. तुझ्या पणजोबांच्या तलवारीचा आतला भाग गंजला होता, तो मी साफ केला. तुला आधी विचारलं नाही, ही माझी चूक झाली. माफ कर. लता."

"मी तिला 'स्वीट ॲज', काही हरकत नाही, म्हणून कळवलं होतं," टेसा म्हणाली. "मला काय माहीत, हे एवढं असतं ते. आजोबा म्हणायचे, लता बागेतला नळसुद्धा घासते."

इरावती रडत रडत हसली. "दॅट्स सो आई. बाबा, आठवतं? माझे नवे कोरे बूट धुतले होते."

मी मान हलवली. त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी साफ केला, असं तिने का लिहिलं, याचाच मी विचार करत होतो. ठेव तिच्या नावावर होती, शब्द तिने दिला होता. नवऱ्याने ऐकलं नाही, असं परक्या पोरीला लिहिणं तिला नको वाटलं असेल. मला तिने यातलं काही सांगितलं नाही.

वॉरनने भिंग लावलं. वरच्या भागावर तो बराच वेळ थांबला.

"हे नुसतं घासलेलं नाही," तो म्हणाला. "इथे एक शिक्का होता. तो फाईलने काढलाय. लोहाराच्या फाईलच्या रेघा अशा तिरक्या आहेत, या नव्या त्यांना आडव्या कापतात."

"म्हणजे?" टेसाने विचारलं.

"लष्कराने नेमलेल्या, जुन्या पद्धतीच्या लोहारांच्या कामावर चांदणीचा शिक्का असायचा. सर्वसाधारण मालावर फुलाचा. चांदणी असती तर हिला आज सहा-सात हजार डॉलर आले असते. फूल असेल तर हजार-बाराशे. म्हणून काही लोक काय करतात, फूल घासून टाकतात आणि चांगली म्हणून खपवतात. मी असं म्हणत नाही की इथे तसं झालंय. पण बघणारा हेच म्हणणार."

"लता तसं करणार नाही," टेसा म्हणाली. पण लगेच म्हणाली नाही. त्याआधी तिने तो मेसेज पुन्हा वाचला, हे मी बघितलं.

वॉरन म्हणाला, "हे स्वयंपाकघरातल्या घासणीचं काम नाही. शिकलेल्या हाताचं आहे. फाईल कुठेही घसरलेली नाही." आणि त्याने माझ्या हातांकडे बघितलं. मी ते टेबलाखाली घेतले.

कागद तो आठवड्याने देणार होता. टेसा तिच्या मैत्रिणीच्या गाडीने मनुरेवाला गेली. तलवार आमच्याच गाडीत, मागच्या सीटवर. मोटरवेवर आल्यावर इरावती म्हणाली, "बाबा, आईला फाईल धरता यायची?"

"नाही."

"मग?"

मी खिडकीतून बाहेर बघत होतो.

"बाबा, आय ॲम आस्किंग यू."

"मी केलं," मी म्हणालो. "ती थांबा म्हणाली होती. विचारते म्हणाली होती. मी थांबलो नाही."

तिने गाडी पुढच्या एक्झिटला बाहेर काढली आणि एका डेअरीसमोर, इथल्या कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानासमोर, उभी केली. दुकानाच्या पाटीकडे बघत बसली. मग म्हणाली, "आणि तुम्ही तिथे गप्प बसलात. तो माणूस आईला चीट म्हणत होता आणि तुम्ही मान हलवलीत."

"हो."

"शी कव्हर्ड फॉर यू. आणि तुम्ही तिला..."

"टेसाला सांग," मी म्हणालो. "तुझं इंग्रजी..."

"नाही हं, बाबा. दॅट्स नॉट माय जॉब. तुमचं इंग्रजी चांगलं आहे. सतरा वर्षं भांडताय ना रग्बीवरून सगळ्यांशी? तुम्हीच सांगा."

आम्ही घरी आलो. तिने चहा केला, माझ्यासमोर कप ठेवला, पण बसली नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी टेसाला पापाकुरा स्टेशनजवळच्या कॉफीच्या दुकानात बोलावलं. आदल्या रात्री वाक्यं पाठ केली होती, ती तिथे एकही आठवली नाहीत. मी ती बारीक फाईलच बरोबर नेली होती, रुमालात गुंडाळून. टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "हिने. मी. लताने नाही."

मग सगळं सांगितलं. भोसरी, काशिनाथ शिंदे, रुमाल, ती फुलं आणायला गेली ती पाऊण तास. टेसा ऐकत होती. तिने फाईल हातात घेऊन पाहिली.

"म्हणजे लताने मला खोटं लिहिलं," ती म्हणाली.

याची मी तयारी केली नव्हती. "हो," मी म्हणालो. "तेवढं खोटं लिहिलं. माझ्यासाठी."

"आणि काल तुम्ही तिला ते फेडायला लावलंत."

"हो."

ती रागावली होती आणि रागावायला तिला हक्क होता. कॉफी निवली. नंतर तिने विचारलं, "तो शिक्का तुम्ही बघितला होता. चांदणी होती की फूल?"

मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. मुगाच्या दाण्याएवढी खूण. कडा होत्या. पाच का सहा, माहीत नाही. हजारो भाग मी मायक्रोमीटरने मापले असतील आणि हजाराव्या हिश्श्याचा फरक हाताने सांगू शकतो. पण ती खूण मी बघितलीच नव्हती. मला फक्त ती सपाट करायची होती.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "पण तिने फोटो काढले होते. आधी. दोन्ही बाजूंचे."

"मला पाठवले नाहीत."

"तिच्या फोनमध्ये असतील."

टेसाने फाईल परत रुमालात गुंडाळली, अगदी माझ्यासारखीच, आणि माझ्याकडे सरकवली. "नोव्हेंबरमध्ये परीक्षा संपली की मी येते. तोवर तलवार तुमच्याकडेच राहू दे. आजोबांनी ती लताकडे ठेवली होती. फोटो सापडला तर मला सांगा. आणि चांदणी असो की फूल, मला सांगा."

त्याच दुपारी मी वॉरनला फोन केला. तो फक्त "थँक यू" म्हणाला. आठवड्याने त्याचा कागद आला. मुठीतला भाग न्यूझीलंडमध्ये, २०२३ साली, सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या पतीने, जो व्यवसायाने टूलमेकर आहे, अज्ञानाने साफ केला, फसवण्याचा हेतू नाही, असं त्यात लिहिलं होतं. अज्ञानाने हा शब्द मीच त्याला घालायला सांगितला होता. शिक्का या शब्दापुढे त्याने रेघ मारून जागा मोकळी ठेवली होती. किंमत त्याने लिहिली नव्हती. तो कागद मी इरावतीला वाचायला दिला. तिने दोनदा वाचला आणि फ्रिजवर मॅग्नेटने लावला. त्यानंतर ती माझ्याशी पुन्हा नीट बोलायला लागली.

यंदा खंडेनवमीला पूजा केली नाही. वर्ष व्हायचं आहे, सण नाहीत. मी फक्त मायक्रोमीटर पुसून ठेवला. त्या संध्याकाळी इरावतीने विचारलं, "बाबा, मी बघू का आईचा फोन?" मी नको म्हणालो. घासलं मी, बघायचंही मीच. फोन उघडायचा नंबर मला माहीत आहे, इरावतीच्या शाळेतल्या लॉकरचा आहे. पण त्या दोन फोटोंपर्यंत जायचं तर वरून खाली जावं लागेल. सगळ्यात वरचा फोटो त्या गुरुवारचा असणार. पापाटोएटोच्या दुकानातून मेथी घेताना तिने मला फोटो पाठवला होता, ही घेऊ का म्हणून. मी लेथवर होतो. तो मी अजून उघडलेला नाही, माझ्या फोनवरसुद्धा.

फोन चार्ज करून तलवारीशेजारी कपाटात ठेवला आहे. टेसा यायला साडेतीन आठवडे आहेत. चांदणी होती की फूल, हे मी अजून बघितलेलं नाही.